प्रभाव जास्त झाला नाही, कमी पडला

राजारामपुरीतल्या भाड्याच्या खोल्यांमधून, एक लॅपटॉप आणि एक गिटार एवढ्यावर रेकॉर्ड केलेली मराठी इंडी (म्हणजे मोठ्या कंपनीशिवाय स्वतःच काढलेली) गाणी कोल्हापुरात ऐकू येऊ लागली आणि त्यांच्या पाठोपाठ एक वादही आला. एका बाजूला जुने रॉकवाले आहेत. ऐंशीच्या दशकात मुंबईहून कॅसेट भरून आणणारी ही मंडळी गाणं अर्धा मिनिट ऐकतात आणि निकाल देऊन मोकळी होतात: "हे तर सगळं व्हेल्व्हेट अंडरग्राउंडचं. ह्यात तुमचं काय हाय?" दुसऱ्या बाजूला गाणारी पोरं. त्यांचं उत्तर ठरलेलं असतं: आम्ही कुणाची नक्कल करत नाही, आमचं आतून येतं. आणि या दोघांत एक तिसरा गट घुसतो, जो आपल्याकडच्या प्रत्येक वादात कुठून तरी घुसतोच: "अरे, एकच सूर धरून ठेवायचा हे मुळात आपलं. तंबोरा ऐकून शिकले ते." तिघांकडेही थोडं थोडं खरं आहे. पण तिघंही एकाच प्रश्नाभोवती फिरतात, की हे कुणाचं? आणि तो प्रश्न या गाण्यांबद्दल काहीच सांगत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. यातली बरीच गाणी फसलेली आहेत, याबद्दल माझं जुन्या रॉकवाल्यांशी भांडण नाही. पण ती व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या अमेरिकन बँडचा प्रभाव जास्त झाला म्हणून फसलेली नाहीत, तो पुरेसा पडला नाही म्हणून फसलेली आहेत. पोरांनी त्या बँडचा आवाज घेतला: गिटारीची ती किणकिण, मागे घुमणारा एकसुरी नाद, अर्धवट झोपेतून उठल्यासारखी गायकी. तो आवाज ज्या कामासाठी तयार झाला होता ते काम मात्र तिथेच राहिलं.

तो बँड नेमका काय होता, हे वाद घालताना कुणी आठवत नाही. 1964 च्या सुमारास लू रीड, म्हणजे त्या बँडचा पुढचा गायक आणि गीतकार, न्यूयॉर्कमध्ये पिकविक नावाच्या रेकॉर्ड कंपनीत पगारी गीतकार होता. कंपनीचा धंदा सरळ होता. बाजारात जे चालतंय त्याच्यासारखी गाणी भराभर पाडायची आणि स्वस्त रेकॉर्डवर विकायची. म्हणजे ज्याच्या नकलेवरून आपण आज भांडतो, त्याचा स्वतःचा हात बसला तोच नकलेच्या कारखान्यात! तिथल्याच एका नाचाच्या गाण्यासाठी त्याने गिटारीच्या सगळ्या तारा एकाच सुराला लावल्या होत्या. वेल्समधून संगीत शिकायला अमेरिकेत आलेला जॉन केल हे पाहून चमकला, कारण तो ला माँट यंग या संगीतकाराच्या गटात व्हायोला (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं वाद्य) वाजवत होता आणि तिथेही एकच सूर तासन्‌तास धरून ठेवण्याचे प्रयोग चालत. स्वस्त गाण्यांच्या दुकानातला माणूस आणि प्रायोगिक संगीतातला माणूस वेगवेगळ्या वाटांनी एकाच जागी येऊन पोचले होते. पुढे केलने व्हायोलाला गिटारीच्या तारा चढवल्या. मॉरीन टकर उभी राहून ड्रम वाजवायची आणि झांजा जवळजवळ वापरतच नसे. स्टर्लिंग मॉरिसनची गिटार या सगळ्याला धरून असायची. मार्च 1967 मध्ये पहिला अल्बम आला, मुखपृष्ठावर चित्रकार अँडी वॉरहॉलचं केळं. तो फारसा विकला गेला नाही. अमेरिकेतल्या खपाच्या बिलबोर्ड यादीत त्या वेळी पहिल्या दीडशेतही त्याला जागा मिळाली नाही.

ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनोचं त्या अल्बमबद्दलचं बोलणं रॉकवाल्यांना पाठ असतं: रेकॉर्ड घेतली फार थोड्यांनी, पण ज्याने ज्याने घेतली त्याने स्वतःचा बँड काढला. बोलणं चटकदार आहे आणि त्याने नुकसानही बरंच केलंय. बँड काढणं म्हणजे प्रभाव, असा समज त्यातून पसरला. बँड काढायला काय लागतं? उसनी गिटार आणि समजूतदार शेजारी. प्रश्न पुढचा आहे. त्या रेकॉर्डमध्ये अशी कुठली गोष्ट होती, जी दुसऱ्याला उचलता येण्यासारखी होती?

माझ्या मते ती गोष्ट सुरात कमी आणि शब्दांत जास्त होती, किंवा नेमकं सांगायचं तर सूर आणि शब्द यांच्या नात्यात होती. लू रीड सिरॅक्यूज विद्यापीठात डेलमोर श्वार्ट्‌झ या कवीच्या हाताखाली शिकलेला होता. कथा-कादंबरीत जे चालतं ते गाण्यात का चालू नये, हा त्याचा हट्ट होता. पहिल्या अल्बममधल्या एका गाण्यात एक माणूस हातात 26 डॉलर घेऊन न्यूयॉर्कमधल्या लेक्झिंग्टन आणि 125 या नाक्यावर नशेचा माल विकणाऱ्याची वाट बघत उभा आहे. बस, एवढंच. नाका खरा आहे, रक्कम खरी आहे आणि वाट बघण्यातली ती चिडचिड पियानोच्या एकसारख्या ठोक्यात आहे. दुसऱ्या एका गाण्यात दोनच कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचे दोनच गुच्छ, आहेत. लय हळूहळू वाढते, पुन्हा उतरते आणि व्हायोला एका सुरावर अडून बसते. ते दोन कॉर्ड गरिबीमुळे नाहीत किंवा आळसामुळे नाहीत. बोलणाऱ्याचं बोलणं ऐकू यावं, म्हणून संगीताने मागे सरून जागा करून दिली आहे. आमची पोरं दोन कॉर्ड घेतात, अडून बसलेला सूर घेतात, आणि मोकळ्या झालेल्या त्या जागेत काय ठेवतात? खिडकीवरचा पाऊस. पहाटेचे तीन. अर्धी राहिलेली कॉफी. आणि नाव नसलेलं एक शहर, जिथून कुणीतरी निघून गेलेलं आहे.

खरा प्रभाव कसा दिसतो, याचं सर्वांत चांगलं उदाहरण बॉस्टनजवळच्या जॉनथन रिचमनचं. हा मुलगा व्हेल्व्हेटच्या कार्यक्रमांना वेड्यासारखा हजेरी लावायचा. पुढे त्याने मॉडर्न लव्हर्स नावाचा बँड काढला. त्यांची सुरुवातीची रेकॉर्डिंग 1972 मध्ये खुद्द जॉन केलच्या देखरेखीखाली झाली, अल्बम मात्र बाजारात यायला 1976 उजाडलं. त्यातलं सर्वांत गाजलेलं गाणं व्हेल्व्हेटच्या सतरा मिनिटांच्या एका गदारोळातून सरळ सरळ निघालेलं आहे. तीच धाव, तेच ऑर्गन, फक्त तिथल्या तीन कॉर्डऐवजी दोन. पण गाण्यात काय आहे? मॅसॅच्युसेट्समधला 128 नंबरचा रस्ता, रात्री गाडीतला चालू रेडिओ, रस्त्याकडेचं किराणा मालाचं मोठं दुकान आणि जिवंत असल्याचा आनंद. नशा नाही, सुई नाही, न्यूयॉर्कही नाही. उलट नशा न करणाऱ्या मुलाचं म्हणून त्याचं एक वेगळं गाणंच आहे. गुरूच्या गाण्यातला नाका सोडून त्याने आपल्या गावचा हमरस्ता घेतला. आता याला नक्कल म्हणायचं? सुरांची मोजपट्टी लावली तर म्हणावंच लागेल. पण मग तीच मोजपट्टी त्याच्या गाण्यात काय नवीन आहे ते दाखवू शकत नाही, आणि आमच्याकडची चर्चा अजून त्याच मोजपट्टीवर अडलेली आहे.

दुसरं उदाहरण प्रागचं. 1968 च्या वसंतात नाटककार वाक्लाव हावेल न्यूयॉर्कला गेले होते आणि परत येताना व्हेल्व्हेटची रेकॉर्ड घेऊन आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रशियन रणगाडे शहरात शिरले आणि त्यानंतर काही आठवड्यांत प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स हा बँड उभा राहिला. सुरुवातीला ही मंडळी अमेरिकन गाणी इंग्रजीतच वाजवायची, त्यासाठी एक कॅनेडियन गायकही बरोबर होता. तिथेच थांबली असती तर तीही एक चांगली नक्कल ठरली असती. पण पुढे इंग्रजी सुटली आणि एगोन बाँडी या कवीच्या चेक कविता त्या खडबडीत आवाजात शिरल्या. आता सरकारला त्यांची भीती वाटू लागली. 1976 मध्ये खटला भरला गेला, तुरुंगवास झाला, आणि त्या खटल्याच्या निषेधातून जानेवारी 1977 मध्ये मानवी हक्कांची सनद जाहीर झाली. न्यूयॉर्कच्या गल्लीतला आवाज प्रागच्या गल्लीत पोचला तेव्हा त्याने पोशाख बदलला नाही, पत्ता बदलला.

आता समोरच्यांचं जे खरं आहे ते मान्य करायला हवं. जुन्या रॉकवाल्यांचा राग निव्वळ खोडसाळ नाही. रॉकच्या इतिहासात प्रभावाच्या नावाखाली चोरी भरपूर झालेली आहे आणि ती बहुतेक वेळा ज्यांच्याकडे वकील नव्हते त्यांची झाली. लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडच्या 1969 मधल्या एका प्रचंड गाजलेल्या गाण्यात शिकागोचे ब्लूज गीतकार विली डिक्सन यांचे शब्द आले होते. डिक्सन यांनी 1985 मध्ये दावा लावला, 1987 मध्ये तडजोड झाली आणि त्यानंतर त्यांचं नाव लागलं. तोवर गाण्याला अठरा वर्षं झाली होती. पण याच बँडवर दुसऱ्या एका गाण्यासाठी खटला झाला. सुरुवातीची उतरती सुरावट स्पिरिट नावाच्या बँडकडून उचलली, असा दावा होता. तिथे 2016 मध्ये ज्यूरीने आणि 2020 मध्ये वरच्या न्यायालयाने झेपेलिनच्या बाजूने निकाल दिला. पायरीपायरीने खाली येणारे तसले सूर संगीतात शतकानुशतकं सगळ्यांच्या मालकीचे आहेत. बँड तोच, न्याय वेगवेगळा, आणि माझ्या दृष्टीने दोन्ही वेळा रास्त. दुसऱ्याने घडवलेली वस्तू आणि सगळ्यांना मोकळं असलेलं अवजार यांत फरक आहे. एकसुरी नाद, दोन कॉर्ड, बोलल्यासारखं गाणं ही अवजारं आहेत. ती वापरल्याबद्दल पोरांना चोर म्हणायचं असेल, तर भूपात गाणाऱ्या प्रत्येकाला चोर म्हणावं लागेल.

दुसरा आक्षेप यापेक्षा वजनदार आहे आणि तो रॉकवाल्यांकडून नव्हे, शाहिरीवर जीव असलेल्या मंडळींकडून येतो. हे शहर पिराजीराव सरनाईकांचं, लहरी हैदरांचं. इथल्या मुलाला न्यूयॉर्कचा साठ वर्षांपूर्वीचा बँड माहीत असावा आणि हलगीचा एक ठेका धड वाजवता येऊ नये, याचं वाईट वाटायलाच हवं. शिवाय हा बँड त्याच्यापर्यंत कुठल्या हावेलने सुटकेसमधून आणलेला नाही. मोबाइलमधल्या ॲपने तो पुढे सरकवला, आणि ते ॲप नागपूरच्या, लखनौच्या, मनिलाच्या मुलालाही तेच सरकवत असतं. म्हणून सगळ्यांचे आवाज एकसारखे येतात, हे निरीक्षण बरोबर आहे आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पण हलगी मागे पडली ती गिटारीमुळे, हे मात्र मी ऐकून घेणार नाही. हलगीला मिरवणुकीतून ढकलून लावलं डॉल्बीने. त्या भिंतीसमोर नाचताना संस्कृती आठवत नाही आणि खोलीत बसून हळू आवाजात गाणारा मुलगा दिसला की ती एकदम आठवते, हे कसं? शाहिरांनी तरी दूरचं कधी वर्ज्य मानलं होतं? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अण्णाभाऊ साठ्यांनी स्टालिनग्राडवर पोवाडा रचला. तिथे साचा इथला होता आणि विषय व्होल्गाकाठचा. आता साचा बाहेरचा असेल आणि विषय पंचगंगेकाठचा, तर तेवढ्याने बाटायचं काय कारण?

बाहेरून आलं म्हणून नाक मुरडण्याचा खेळ या गावात फार लांब जातही नाही. तालमी कुस्तीसाठी निघाल्या, आज पाटाकडील किंवा खंडोबा म्हटलं की निम्म्या गावाला आधी फुटबॉल आठवतो. लग्नाच्या बँडमधली क्लॅरिओनेट, गोविंदराव टेंब्यांची पेटी, सगळं युरोपचं. पेटी परकी म्हणून 1940 मध्ये आकाशवाणीने तिला बाहेर काढलं आणि परत आत घ्यायला 1971 उजाडलं. त्या तीस वर्षांत घराघरांत, भजनात, नाटकात पेटी चालूच होती. शुद्धतेचे रखवालदार तिला तपासत बसले होते, तेवढंच.

आणि तंबोरावाले. त्यांचा मुद्दा मला सर्वांत गमतीचा वाटतो, कारण तो अर्धा खरा आहे. ला माँट यंगवर भारतीय संगीताचा परिणाम झाला होता. 1955 मध्ये अमेरिकेत निघालेली अली अकबर खाँसाहेबांची रेकॉर्ड त्याने ऐकली होती आणि त्यातल्या तंबोऱ्याने त्याला झपाटलं होतं. यंगकडून तो धरून ठेवलेला सूर केलकडे आला आणि केलकडून व्हेल्व्हेटमध्ये. पुढे यंग किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शागीर्दही झाला. किराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, मिरजेतच तंबोरे घडतात, आणि मिरज इथून तासाभराच्या वाटेवर. झालं, एवढ्यावर "जगात भारी कोल्हापुरी"ची आरोळी ठोकायला आपण मोकळे. पण प्राणनाथ यंगला गुरू म्हणून लाभले 1970 मध्ये आणि व्हेल्व्हेटचा अल्बम आला 1967 मध्ये, त्यामुळे किराण्याचा धागा तिथवर ताणता येत नाही. आणि ताणला तरी अब्दुल करीम खाँ मूळचे उत्तरेतल्या कैराण्याचे. मग तो सूर मिरजेचा, कैराण्याचा, की न्यूयॉर्कच्या माळ्यावरचा? या मार्गाने मालक शोधत गेलं तर शेवटी कुणीच सापडत नाही. सापडतात ती एकामागून एक घेणारी माणसं.

घेणाऱ्यांचं मोल कसं करायचं, हे कोल्हापूरला शिकवायची खरं तर गरज नाही. अल्लादिया खाँसाहेब राजस्थानातल्या उणियाऱ्याचे. शाहू महाराजांच्या दरबारी गायक म्हणून ते 1895 च्या सुमारास इथे आले आणि महाराज असेपर्यंत इथेच राहिले. त्यांची तालीम घराण्यातल्या धृपदाची, तानांच्या वळणावर परिणाम मुबारक अली खाँचा. मध्यंतरी आवाज बिघडला, पहिल्यासारखा परत आलाच नाही, तेव्हा त्या बदललेल्या आवाजाला झेपेल आणि शोभेल अशी गायकी त्यांनी नव्याने बांधली. आज जयपूर-अत्रौली म्हणून आपण ज्याच्यापुढे मान तुकवतो ते हेच. त्यांच्याकडून केसरबाई केरकर शिकल्या, मोगूबाई कुर्डीकर शिकल्या, आणि त्यांच्या मुलांकडून, मंजी खाँ आणि भुर्जी खाँ यांच्याकडून, मल्लिकार्जुन मन्सूर शिकले. तिघांचं गाणं एकापाठोपाठ एक ऐका. उगम एक आहे हे कळतं, आणि तरी एकाच्या जागी दुसरा ठेवता येत नाही. मोगूबाईंची मुलगी किशोरी आमोणकर तर चौकटीच्या बाहेर गेल्या म्हणून केवढी टीका झाली! आज त्यांचं थांबणं, त्यांचं आळवणं जसंच्या तसं करणारे गायक गल्लोगल्ली आहेत, आणि त्यांना कुणी टोकत नाही. घराण्याबाहेर जाणारी बंडखोर आणि तिची हुबेहूब छबी उतरवणारा परंपरेचा पाईक! हाच हिशेब आता गिटारवाल्या पोरांना लावला जातोय.

पण गाण्यापेक्षाही मला जवळचं वाटतं ते बाबूराव पेंटरांचं उदाहरण. सिनेमा हे शंभर टक्के बाहेरचं यंत्र. बाबूराव आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव पेंटर परदेशी चित्रपट पाहून पाहून वेडे झालेले. आनंदरावांच्या अकाली जाण्यानंतरही बाबूरावांनी नाद सोडला नाही. कॅमेरा इथेच जुळवून तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. पहिली कामं पौराणिक होती, म्हणजे सुरक्षित होती. आणि 1925 मध्ये त्यांनी सावकाराच्या कर्जात जमीन गमावून गिरणीच्या दारात जाऊन पडणाऱ्या शेतकऱ्यावर मूकपट केला, सावकारी पाश. तरुण शेतकऱ्याच्या कामात व्ही. शांताराम. यंत्र परक्यांचं, पाहण्याची शिस्त परक्यांकडून शिकलेली, आणि भिंग वळवलं ते आपल्या शिवाराकडे. त्या काळी "हे सगळं इंग्रजी चित्रपटाचं, ह्यात तुमचं काय हाय?" असं विचारणारा कुणीतरी असेलच. त्याचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बरोबरही असेल.

हे भिंग वळवणं आमच्या इंडी गाण्यांत होत नाही, ही माझी तक्रार. लेक्झिंग्टन-125 सारखं काही कोल्हापुरात नाही, असं कुणाला वाटत असेल तर त्याने जुलैत इथे येऊन राहावं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 फूट म्हणजे धोका, हे इथे शाळकरी पोरालाही माहीत असतं. त्या दिवसांत सगळं गाव फुटांत आणि इंचांत बोलतं. व्हॉट्सॲपवर दर तासाला आकडा येतो. माणसं जेवताना आकडा विचारतात. 2019 आणि 2021 मध्ये तो आकडा धोक्याच्या कितीतरी वर गेला तेव्हा ज्यांनी माळ्यावर सामान चढवलं, त्यांना तो आकडा आजही नुसता ऐकला तरी पोटात गोळा येतो. एक एक इंच चढणारी नदी आणि न हलणारा एक सूर! त्या अमेरिकन बँडने जणू या विषयासाठीच आपलं अवजार घासून ठेवलं होतं, आणि मी ऐकलेल्या गाण्यांत त्यावर एकही गाणं नाही. शिरोलीच्या फौंड्रीतून रात्रपाळी करून सुटलेला मुलगा, इचलकरंजीच्या मागांचा खडखडाट, पहाटे गंगावेशीत म्हशीच्या धारेसाठी ग्लास धरून उभी असलेली माणसं, ऊसदराचं आंदोलन पेटलं की अडकलेली शेवटची एसटी, भाड्याच्या खोलीत लग्नाचं वय उलटत चाललेला स्पर्धा परीक्षावाला. यातलं काहीही गाण्यात आलं असतं तर दोन कॉर्ड कुठून आले हे विचारायची कुणाला शुद्ध राहिली असती?

इथे एक गैरसमज लगेच होतो, म्हणून स्पष्ट सांगतो. मी फेट्याची, चपलेची, तांबड्या रश्श्याची गाणी मागत नाही. तसली गाणी भरपूर आहेत, ती निवडणुकीत आणि मिरवणुकीत वाजतात, आणि त्यांतलं कोल्हापूर बसस्टँडवरच्या पर्यटनाच्या फलकासारखं आहे. लू रीडने स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यावर गाणं केलं नाही. बोधचिन्ह आणि पत्ता या वेगळ्या गोष्टी आहेत. पत्ता सांगायला माणूस तिथे उभा असावा लागतो. अरुण कोलटकर याच गावात जन्मले, इथेच शाळेत शिकले. अमेरिकन कविता आणि ब्लूज त्यांनी मनापासून पचवले, काही काळ इंग्रजी गाणीही रचली. आणि त्यातून उभं काय राहिलं? मॅनेजरकडे पगार मागणाऱ्या माणसाची मुंबईच्या हिंदीतली कविता, काळा घोड्याच्या फुटपाथवरचं जग, जेजुरीचं रेल्वे स्टेशन. त्यांच्यावर परदेशी प्रभाव नव्हता असं म्हणायची कुणाची छाती आहे? आणि तो होता म्हणून ते कमी मराठी ठरले का?

गाणाऱ्या पोरांच्या "आतून येतं" या उत्तरावर मात्र माझा मुळीच विश्वास नाही. आतून काही येत नाही, आधी आत गेलेलंच बाहेर येतं. काय आत गेलं ते लपवण्याची धडपड चोरीच्या आरोपाच्या भीतीपोटी आहे, हे समजू शकतो. पण त्या भीतीवर आपल्या मैफलीने फार पूर्वी इलाज काढून ठेवलाय. गवई उस्तादाचं नाव घेतो तेव्हा कानाच्या पाळीला हात लावतो, आणि मग खुशाल स्वतःचं गातो. गाण्याच्या खाली, यूट्यूबवर, जिथे चार ओळी लिहायला जागा असते, तिथे लिहा: हा धरलेला सूर अमुक बँडवरून घेतला, हा ठेका अमक्या शाहिरांवरून. अर्धा वाद तिथेच मिटेल. उरलेला अर्धा तुमच्या शब्दांवर होईल, आणि तोच व्हायला हवा. जुन्या रॉकवाल्यांनीही एक करावं. तुमच्याकडे ते सगळे अल्बम आहेत, कान तयार आहेत. "हे कुठून घेतलं" हे ओळखून दाखवण्यात आता मजा नाही, ते काम मोबाइलही करतो. "हे घेऊन तू कुठे गेलास" हे विचारा. त्याचं उत्तर देता आलं नाही की पोराला आपोआप कळतं.

राहिला एक आक्षेप, तो धंद्याचा. पोरं म्हणतात, बंधारा आणि फौंड्री गाण्यात आणली तर पुण्या-मुंबईत कोण ऐकणार, त्यांना काय कळणार? लेक्झिंग्टन आणि 125 कुठे आहे हे तुम्हाला तरी कुठे माहीत होतं? माहीत नसताना ते गाणं तुम्ही शेकडो वेळा ऐकलंत, आणि मग नकाशात तो नाका शोधलात. पुण्याच्या श्रोत्याला 43 फूट म्हणजे काय ते कळलं नाही, तर विचारू दे की त्याला.